व्रणरोपण : शरीराचे कार्य आणि वैद्याचे कर्तव्य

'या व्रणावर कोणते तेल लावावे?' हा प्रश्न आपल्या व्यवसायात नित्य विचारला जातो. रुग्ण तो वैद्याला विचारतो, औषधी दुकानदाराला विचारतो आणि अनेकदा नवोदित वैद्यही तो ज्येष्ठांना विचारतो. प्रश्न गैर नाही. परंतु तो अपुरा आहे. व्रण कोणत्या अवस्थेत आहे, कोणत्या अधिष्ठानात आहे आणि तो भरून येण्यास अडथळा कशाचा आहे, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय तेलाचे नाव सांगणे म्हणजे निदानापूर्वी चिकित्सा करणे होय. क्षत झालेला धातू शरीर स्वतः कसा सांधते, हे नीट समजले तर या तीनही प्रश्नांची उत्तरे बरीचशी सुलभ होतात. प्रस्तुत लेखात आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाने उलगडलेला रोपणाचा क्रम आणि सुश्रुतादी आचार्यांनी सांगितलेल्या व्रणाच्या अवस्था शेजारी ठेवून, दैनंदिन चिकित्सेत त्यांचा कसा उपयोग करता येईल याचा विचार केला आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. दोन्ही शास्त्रांच्या परिभाषा भिन्न आहेत. अमुक पेशी म्हणजे अमुक दोष, असे एकास एक समीकरण मांडण्याचा मोह टाळलेलाच बरा. रुग्णशय्येजवळ उभे राहून केलेली निरीक्षणे मात्र दोन्हीकडे सारखीच आहेत, आणि तीच आपल्याला उपयोगी पडणारी आहेत.

रोपणाचा कर्ता कोण?

कोणतेही औषध नवा मांसांकुर निर्माण करीत नाही. तो शरीरच निर्माण करते. वैद्य रोपणास अनुकूल स्थिती निर्माण करतो आणि प्रतिकूल कारणे दूर करतो. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्या म्हणजे द्विव्रणीय अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, चरकांनी त्याच नावाच्या अध्यायात छत्तीस सांगितले. या दोन्ही याद्या लक्षपूर्वक वाचल्या तर त्यांतील फार मोठा भाग शोथ कमी करणे, स्राव व पूय यांना वाट करून देणे, कुजलेला भाग काढणे, बंध बांधणे, आहार सांभाळणे अशा मार्ग मोकळा करणाऱ्या कर्मांचाच आहे, असे दिसून येते. प्रत्यक्ष रोपण हा त्यांतील एक उपक्रम आहे, आणि तो योग्य वेळी येतो.

पहिले काही तास : रक्तस्तंभन

त्वचा छेदली गेली की प्रथम त्या ठिकाणच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात. रक्तातील बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स उघड्या पडलेल्या कोलॅजनला चिकटतात, एकमेकींना चिकटतात आणि तात्पुरती गुठळी तयार होते. पाठोपाठ फायब्रिनच्या तंतूंचे जाळे विणले जाते. या जाळ्याचे काम केवळ रक्त थांबवण्याचे नाही. पुढे येणाऱ्या पेशींना चालत येण्यासाठी तोच पूल असतो. शिवाय बिंबिकांमधून जे वृद्धिकारक घटक बाहेर पडतात, ते या पेशींना आमंत्रण देतात. म्हणजे रोपणाचा आरंभ रक्तस्तंभनातच झालेला असतो. सद्योव्रणावरील स्वच्छ गुठळी वारंवार पुसून काढणाऱ्या रुग्णाला हे समजावून सांगावे लागते.

सुश्रुतांनी सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार केले आहेत. या वर्गीकरणाचे व्यावहारिक मूल्य आजही मोठे आहे. कोयत्याने कापलेला छिन्न व्रण स्वच्छ असेल तर कडा जुळवून लवकर सांधता येतो. खिळा किंवा बाभळीचा काटा खोल रुतून झालेला विद्ध व्रण बाहेरून क्षुल्लक दिसतो, पण आत हवा पोहोचत नसल्याने धनुर्वाताच्या जंतूंना तो अनुकूल असतो. यंत्रात चिरडून झालेल्या पिच्चित व्रणात मृत मांस अधिक असते, म्हणून तो बाहेरून लहान असला तरी दूषित होण्याची भीती जास्त. अभिघातामुळे होणारा अपतानक सुश्रुतांनी असाध्य म्हटला आहे. आज त्याचा प्रतिबंध एका लसीने होतो. म्हणून विद्ध व पिच्चित व्रणात लसीची चौकशी हा चिकित्सेचाच भाग मानावा.

शोथ हा शत्रू नव्हे

पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत न्यूट्रोफिल या श्वेतपेशी व्रणात मोठ्या संख्येने उतरतात आणि जंतूंचा फडशा पाडतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षी पेशी प्रमुख होतात. त्या मृत पेशींची सफाई करतात आणि त्याच वेळी नव्या धातूच्या निर्मितीचे संदेशही देतात. १९७५ मध्ये लीबोविच आणि रॉस या संशोधकांनी गिनीपिगमध्ये या महाभक्षी पेशींचा अभाव निर्माण केला, तेव्हा सफाई तर रखडलीच, पण नवा तंतुमय धातू तयार होण्याचे कामही मंदावले. सफाई करणारा आणि बांधकामाची आज्ञा देणारा एकच आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

लालिमा, उष्णता, सूज व वेदना या लक्षणांनी रुग्ण घाबरतो. परंतु मर्यादित शोथ ही रोपणाची पूर्वतयारी आहे. वाताविना वेदना नाही, पित्ताविना पाक नाही आणि कफाविना पूय नाही, हा सुश्रुतांचा विचार आपणा सर्वांस परिचित आहे. आमपक्वैषणीय अध्यायात आम, पच्यमान आणि पक्व अशा शोथाच्या अवस्था ओळखण्यावर त्यांनी जो भर दिला आहे, त्याचे मर्म हेच की अवस्था न ओळखता केलेले कर्म हानी करते. आम शोथ छेदू नये आणि पक्व शोथ झाकून ठेवू नये. चौथ्या-पाचव्या दिवशी शोथ उतरणीला लागण्याऐवजी वाढत असेल, लाली व्रणाच्या कडेपलीकडे पसरत असेल, ज्वर असेल, तर ती पूर्वतयारी राहिली नाही. तो उपद्रव झाला, असे समजावे.

प्रदीर्घ काळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात हा शोथच दबलेला असतो. त्यामुळे व्रण शांत दिसतो, पण भरत नाही आणि आत संसर्ग असूनही लक्षणे फुटत नाहीत. संधिवात किंवा श्वासाच्या जुन्या रुग्णाचा व्रण पाहताना, तो कोणत्या पुड्या वा गोळ्या घेतो याची चौकशी म्हणूनच आवश्यक ठरते. अनामिक पुड्यांमध्ये स्टेरॉइडची भेसळ आढळल्याचे प्रकार आपल्या क्षेत्राला नवे नाहीत.

मांसांकुरांची निर्मिती

साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत बांधकामाचा काळ असतो. फायब्रोब्लास्ट पेशी फायब्रिनच्या पुलावरून आत येतात आणि कोलॅजनचे तंतू विणतात. हे आरंभीचे कोलॅजन प्रामुख्याने तिसऱ्या प्रकारचे, नाजूक असते. त्याच वेळी नव्या केशवाहिन्या कोंबांप्रमाणे फुटतात. तांबूस, दाणेदार, हात लावताच किंचित रक्त येणारा जो मांसांकुर आपण पाहतो, तो या दोहोंचा मिळून झालेला असतो. १९७१ मध्ये गाब्बियानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मांसांकुरातील काही फायब्रोब्लास्ट पेशी स्नायूप्रमाणे आकुंचन पावतात, असे दाखवले. व्रणाच्या कडा आत ओढल्या जाऊन तो लहान होतो, त्यात या पेशींचा मोठा वाटा असतो. शेवटी कडेच्या त्वचापेशी सरकत येऊन पृष्ठभाग झाकतात.

सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात रुह्यमान व्रणाचे वर्णन करताना त्याची कड कबुतराच्या रंगाची असते, असे म्हटले आहे. भरत असलेल्या व्रणाच्या कडेला लाल मांसांकुरावर सरकत येणाऱ्या नव्या त्वचेची निळसर-करडी रेषा ज्याने पाहिली आहे, त्याला या उपमेची अचूकता वेगळी सांगावी लागत नाही. ही रेषा दिसली की वैद्याने हात आखडता घ्यावा. तीव्र शोधन द्रव्ये, घासून पुसणे, वारंवार बंध सोडणे या सर्वांनी हीच कोवळी कड नष्ट होते.

येथे दोन पोषक घटकांचा उल्लेख आवश्यक आहे. कोलॅजनचे तंतू मजबूत होण्यासाठी त्यांवर जी रासायनिक क्रिया व्हावी लागते, तिला क जीवनसत्त्व लागते. त्याच्या अभावी स्कर्व्हीत जुने भरलेले व्रणही पुन्हा उघडतात. दुसरा घटक म्हणजे प्रथिने. आपल्याकडे जखम झाली की ती 'पिकेल' या भीतीने दूध, डाळी, भात सारे बंद करून रुग्णाला नुसत्या पेजेवर ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. व्रणितोपासनीय अध्यायात नवधान्य, माष, अम्ल, लवण व कटु रस यांचा निषेध आहे. परंतु जुन्या शालीचा भात, घृत, मुद्ग, जांगल मांसाचा रस, डाळिंब, आमलकी, जीवंती यांचे विधानही तेथेच आहे. निषेध लक्षात राहिला आणि विधान विसरले गेले, अशी आपली अवस्था होऊ नये. वृक्कविकार नसेल तर व्रणी रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने मिळतील, अशी आहारयोजना करावी.

व्रण रूढ झाला, पण दृढ झाला का?

त्वचा बंद झाली म्हणजे काम संपले, असे रुग्णाला वाटते. प्रत्यक्षात तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी व्रणवस्तूची ताण सहन करण्याची क्षमता मूळ त्वचेच्या सुमारे एकपंचमांश एवढीच असते. पुढे कित्येक महिने, काही वेळा वर्षाहून अधिक काळ, तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनची जागा पहिल्या प्रकारचे मजबूत कोलॅजन घेत असते. तीन महिन्यांच्या सुमारास ही क्षमता सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचते. मूळ त्वचेची पूर्ण ताकद मात्र व्रणवस्तूस कधीच प्राप्त होत नाही.

व्रण रूढ झाल्यावरही तो स्थिर होईपर्यंत अजीर्ण, व्यायाम, व्यवाय, क्रोध आदी वर्ज्य करावेत, असे सुश्रुतांनी सांगितले आणि अष्टांगहृदयाच्या शस्त्रकर्मविधी अध्यायात हा नियम सहा-सात महिने पाळण्याचा आदेश आहे. कोलॅजनच्या पुनर्रचनेचा आजचा हिशोब पाहिला म्हणजे हा अवधी किती विचारपूर्वक ठरवला गेला असावा, हे ध्यानात येते. उदरावरील शस्त्रकर्मानंतर महिन्याभरात पोती उचलू लागणारा हमाल किंवा टाच नुकतीच भरल्यावर अनवाणी शेतात उतरणारा मधुमेही यांना हा नियम समजावून देणे हे औषध देण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

सर्व धातू सारखे भरत नाहीत

त्वचा, मांस, सिरा, स्नायू, अस्थी, संधी, कोष्ठ आणि मर्म ही व्रणाची आठ अधिष्ठाने सुश्रुतांनी मानली. अधिष्ठानानुसार साध्यासाध्यता बदलते, या विधानास आधुनिक शास्त्रानेही दुजोरा दिला आहे. वरवर खरचटलेली त्वचा कोणतेही वण न ठेवता पूर्ववत होते, कारण तिचे बीजस्तर शिल्लक असतात. यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला भाग वाढून वस्तुमान भरून काढतो. अस्थिभग्नात गुठळी, मृदू किण, कठीण किण आणि पुनर्रचना या क्रमाने पुन्हा अस्थीच तयार होते. याउलट हृदयाच्या मांसपेशी मृत झाल्यास तेथे प्रामुख्याने तंतुमय वणच राहतो. तुटलेल्या नाडीतंतूचा अग्रभाग अनुकूल स्थितीत दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. म्हणून मनगटाजवळील नाडी सांधल्यावर बोटांत संवेदना येण्यास महिने लागतात. रुग्णाला कालावधी सांगताना अधिष्ठानाचा हा विचार करावा.

व्रण का अडतो?

ज्या व्रणाचा क्रम शोथाच्या अवस्थेतच अडकून पडतो, तो जीर्ण होतो. अशा व्रणात प्रथिने विघटित करणारी विकरे सतत जास्त राहतात आणि नवे विणलेले कोलॅजन तयार होताच तुटत राहते. शिवाय जीवाणू आपल्याभोवती एक चिकट आवरण निर्माण करतात. हे जीवाणुपटल पुसून निघत नाही, जंतुनाशकांना सहजी दाद देत नाही आणि खरवडून काढले तरी एक-दोन दिवसांत पुन्हा जमू लागते. दुष्टव्रणात लेखन, शोधन ही कर्मे एकदा करून भागत नाही, ती पुनःपुन्हा करावी लागतात, या अनुभवाचे हे एक स्पष्टीकरण आहे.

सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात घाईने, आत दोष शिल्लक असताना व्रण भरून आणू नये, असा इशारा दिला आहे. असा व्रण थोड्याशा अपचारानेही आत पोकळी करून पुन्हा विकृत होतो. भगंदरातील क्षारसूत्र हे या तत्त्वाचे उत्तम उदाहरण होय. सूत्र मार्गातून हळूहळू छेदन व शोधन करीत पुढे सरकते आणि मागे तळापासून रोपण होत येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात क्षारसूत्राने भरण्यास सुमारे आठ आठवडे लागले, तर शस्त्रकर्माने चार. परंतु पुनरुद्भव क्षारसूत्रात चार टक्के आणि शस्त्रकर्मात अकरा टक्के आढळला. उशिरा भरला, पण तळापासून भरला, याचे हे फळ आहे.

मधुमेही पाद : सर्वांत मोठी जबाबदारी

कुष्ठ, विष, शोष आणि मधुमेह या रुग्णांचे व्रण कष्टसाध्य असतात, असे सुश्रुतांचे निरीक्षण आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब अभ्यासाने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे दहा कोटी दहा लाख असल्याचे अनुमान काढले. म्हणजे हा कष्टसाध्य व्रण आता अपवाद राहिलेला नाही; तो आपल्या प्रतीक्षाकक्षात रोज बसलेला आहे.

कुष्ठ आणि मधुमेह यांत एक समान दुवा आहे, तो म्हणजे संवेदनानाश. १९४६ पासून वेल्लोर येथे कार्य केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे हातपाय रोगाने आपोआप झडत नाहीत, तर वेदना न जाणवल्यामुळे वारंवार होणाऱ्या आघाताने नष्ट होतात, हे दाखवून दिले. बधिर पायावरील व्रण प्लॅस्टरमध्ये ठेवून त्यावरचा भार काढला की तो भरू लागतो, हा अनुभव पुढे मधुमेही पादाच्या चिकित्सेतही आधारभूत ठरला.

या संदर्भात व्यवसायातील एक उदाहरण उपयोगी पडेल. पन्नाशी ओलांडलेला एक शेतकरी अंगठ्याखालील व्रणासाठी आला. दोन महिने तो निष्ठेने तेल लावीत होता. व्रण स्वच्छ होता, मांसांकुर चांगले होते, रक्तशर्कराही बऱ्यापैकी नियंत्रणात होती. तरी व्रण जागचा हलत नव्हता. वहाण उलटी करून पाहिली तेव्हा तळातून वर आलेल्या खिळ्याचे टोक नेमके त्याच जागी होते. बधिर पायाला ते कधी टोचलेच नाही. वहाण बदलली, मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा तळ दिला, काही आठवडे त्या पायावरचा भार कमी केला. औषध तेच राहिले आणि व्रण भरला. तेल निष्फळ नव्हते. परंतु रोज चालताना होणाऱ्या आघातापुढे कोणतेही तेल टिकत नाही.

मधुमेहीचा व्रण पाहताना पुढील गोष्टी नियमाने कराव्यात. दोन्ही पाय व दोन्ही पादत्राणे तपासावीत. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने संवेदना पाहावी. पादपृष्ठावरील आणि आतल्या घोट्यामागील नाडी हाताने चाचपावी. ती लागत नसेल तर व्रणाला रक्तच पुरेसे पोहोचत नाही, आणि अशा व्रणात छेदन, जलौका किंवा घट्ट बंध ही कर्मे रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाच्या मताशिवाय करू नयेत. निर्जंतुक एषणी व्रणाच्या तळाशी हलकेच न्यावी. तिला कठीण, खरखरीत अस्थी लागली तर अस्थिगत संसर्गाचा संशय बळावतो. आपल्या प्राचीन यंत्राचा हा उपयोग आज मधुमेही पादाच्या चिकित्सेत सर्वत्र मान्य आहे. व्रणाची लांबी-रुंदी दर आठवड्याला मोजून नोंदवावी. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यानेही घटले नाही, तर तोच उपचार पुढे चालू ठेवू नये. निदान नव्याने करावे. बधिर पायाला गरम पाण्याचा शेक किंवा स्वेदन देऊ नये, हे रुग्णाइतकेच आपल्या परिचारकांनाही सांगून ठेवावे.

जुन्या भाजलेल्या वणावर वर्षानुवर्षे राहिलेला, कडा उचललेला व्रण आढळल्यास कर्करोगाची शंका घ्यावी. असा बदल मार्जोलिन यांच्या नावाने ओळखला जातो. ऊतिपरीक्षा करून घेतल्याशिवाय त्यावर रोपणद्रव्ये लावीत राहणे योग्य नव्हे.

स्थानिक उपचार : अवस्थेनुसार

दूषित, दुर्गंधी, चिकट स्राव असलेल्या व्रणात प्रथम प्रक्षालन आणि मृत मांसाचे निर्हरण. त्रिफळा, निंब किंवा पंचवल्कलाचा क्वाथ वापरायचा तर तो रोज ताजा, उकळून, गाळून व कोमट करून वापरावा. सकाळचा क्वाथ दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. उघड्या क्वाथात जंतूंची वाढ होते आणि शोधनासाठी केलेली योजना दूषणाचे कारण ठरते. तीव्र जंतुनाशकांचा व्रणात रोज वापर केल्यास जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात, हेही लक्षात ठेवावे.

जात्यादी हा आपला सर्वपरिचित योग. त्यात जाती, निंब, पटोल, करंज, हरिद्रा, दारुहरिद्रा, मंजिष्ठा, यष्टीमधू यांबरोबर सिक्थक आणि तुत्थ आहे. तुत्थ म्हणजे ताम्राचा क्षोभक क्षार. लेखनकर्माला तो उपयोगी पडतो. म्हणून ज्या व्रणात थोडे शोधन अजून हवे आहे, तेथे जात्यादी शोभतो. कोवळी करडी कड सरकू लागलेल्या शुद्ध व्रणात यष्टीमधुसिद्ध घृत किंवा मधु-घृत यांसारखी सौम्य योजना अधिक हितकर. मधामुळे जंतूंच्या वाढीला आवश्यक असा ओलावा ओढून घेतला जातो, त्याची अम्लता आणि त्यात मंदपणे निर्माण होणारा हायड्रोजन पेरॉक्साइडही जंतूंना रोखतो. मात्र बाजारी मध निर्जंतुक नसतो. खोल पोकळीत तो भरू नये.

व्रण कोरडा करून खपली धरू द्यावी, हा समज समाजात रुजलेला आहे. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या वरवरच्या जखमांवर प्रयोग करून, आच्छादित व ओलसर ठेवलेल्या जखमांवर त्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने सरकते, असे दाखवले. घृत-तैलाने स्निग्ध केलेली विकेशिका व वर बंध ही आपली पद्धत या तत्त्वाशी सुसंगत आहे. बंध केव्हा सोडावा याचेही आचार्यांनी तारतम्य सांगितले आहे. हेमंत, शिशिर व वसंतात तिसऱ्या दिवशी, तर शरद, ग्रीष्म व वर्षा ऋतूंत दुसऱ्या दिवशी. दिवसातून तीनदा पट्टी उघडून पाहणाऱ्या रुग्णास हा नियम आवर्जून सांगावा. स्राव फार असेल किंवा दुर्गंधी सुटली असेल तर अर्थातच थांबू नये.

औषधी दुकानदारांसाठी

अनेक रुग्ण प्रथम दुकानातच येतात. बाटली पुढे करण्यापूर्वी चार प्रश्न विचारण्यास एक मिनिटही लागत नाही : जखम किती दिवसांची आहे, मधुमेह आहे का, ती कशाने झाली, आणि ज्वर वा पसरती लाली आहे का. दोन आठवड्यांपेक्षा जुनी जखम, मधुमेहीच्या पायाची कोणतीही जखम, काळा पडलेला भाग, खोल रुतलेली वस्तू आणि ज्वर या पाच ठिकाणी तेल विकण्याऐवजी रुग्णास वैद्याकडे पाठवावे.

प्राण्याच्या दंशाची जखम हा स्वतंत्र विषय आहे. कुत्रा चावल्यावर हळद, तिखट, चुना किंवा तेल भरण्याची प्रथा प्राणघातक आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी अलर्कविषप्रतिबंधक लसीसाठी रुग्णालयात पोहोचणे, एवढेच त्या वेळी करावयाचे असते. रक्त आलेल्या दंशात लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. जलत्रास प्रकट झाल्यावर रुग्ण वाचत नाही, हे सुश्रुतांनी कल्पस्थानात नोंदवले आहे आणि आजही ते जवळजवळ तसेच खरे आहे.

तुत्थयुक्त तेल केवळ बाह्योपयोगासाठी आहे, हे रुग्णास तोंडीही सांगावे. वेष्टनावरील घटकांची यादी, निर्मिती व समाप्तीचा दिनांक आणि परवाना क्रमांक पाहूनच माल भरावा. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारे फलक दुकानात लावू नयेत. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्यात मधुमेहाचा स्पष्ट समावेश आहे. शेवटची विनंती तंबाखूविषयी. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे धातूंना प्राणवायू कमी पोहोचतो. व्रणाचे औषध देताना मिस्री, तंबाखू व विडी बंद करण्याविषयी बोललेला एक शब्दही रोपणास हातभार लावतो.

सारांश, व्रण भरून आणण्याचे सामर्थ्य शरीरात आहे. ते कोठे अडले आहे हे शोधणे हे वैद्याचे काम. मृत मांस, जीवाणुपटल, पायावरचा भार, रक्ताचा तुटवडा, रक्तशर्करा, कुपोषण, तंबाखू, स्टेरॉइड, आणि कधी वहाणेतला खिळा, यांपैकी अडथळा कोणता हे ठरले म्हणजे तेलाची निवड सोपी होते. प्रत्येक वैद्याने आपल्या चिकित्सालयात एक मोजपट्टी, एक मोनोफिलामेंट, एक निर्जंतुक एषणी आणि व्रणनोंदीची एक वही ठेवावी. चौथ्या आठवड्याच्या रकान्यातील आकडा पहिल्या आठवड्याच्या आकड्याच्या निम्म्यावर आला नसेल, तर त्याच दिवशी रुग्णाला पुढे पाठवण्याचा निर्णय घ्यावा. त्या एका निर्णयावर अनेकदा रुग्णाचा पाय अवलंबून असतो.